'सई' : एका नात्याचे नाव

ठाणे आणि डोंबिवलीच्या महाविद्यालयांत मराठी शिकवताना आमच्या हजेरीपटावर गेली काही वर्षे एक नाव पुन्हापुन्हा येते आहे : सई. सुटसुटीत असल्यामुळे अनेकांना ते आधुनिक वाटते. वस्तुतः ते फार जुने आहे.

संस्कृत 'सखी'तील 'ख'चा प्राकृतात 'ह' झाला, 'मुख'चे 'मुह' व्हावे तसा. 'सही'तला हा 'ह'ही पुढे गळला आणि मराठीत 'सई' उरली. हालाच्या 'गाथासप्तशती'त नायिका जिच्यापाशी मन मोकळे करते, ती हीच. इतिहासात ते नाव शिवाजीमहाराजांच्या पत्नी, फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या सईबाई (मृत्यू १६५९) यांचे. पुढे रुपेरी पडद्यावर ते 'चश्मे बद्दूर' (१९८१)च्या दिग्दर्शिका सई परांजपे यांच्यामुळे दिसले.

मुलींची नावे बहुधा रूप, गुण वा देवता सांगतात. सई नाते सांगते, आणि तेही बरोबरीचे.

संगणकावरच्या रोमन यादीत मात्र 'सई' आणि 'साई' यांचे स्पेलिंग एकच होते. वाचणारा 'साई' म्हणतो. 'साई' म्हणजे स्वामी, धनी. एका काना वाढला, की मैत्रिणीचा मालक होतो! याहून खटकते ते मुलींचे उत्तर : "काहीही म्हणा मॅडम, चालतं."

आम्हांला ते चालत नाही. वर्षारंभी आम्ही प्रत्येकीला तिचे नाव फळ्यावर देवनागरीत लिहायला लावतो आणि त्याचा अर्थ विचारतो. दोन हजार वर्षांची मैत्री एवढ्या श्रमाला नक्कीच पात्र आहे.