बर्फातले छिद्र

स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेविषयी वाचताना मी एका छायाचित्रापाशी थांबले. २८ मे १९११, अंटार्क्टिकातील केप एव्हान्स, सूर्यहीन हिवाळा. डॉक्टर ॲटकिन्सन आणि आचारी क्लिसोल्ड गोठलेल्या समुद्रातील छिद्रातून माशांचा पिंजरा वर ओढत आहेत. छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग.

छिद्र एकदा पाडता येते. ते उघडे मात्र रोज राखावे लागते. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९ अंशांना गोठते आणि तिथली हिवाळी हवा त्याहून पुष्कळ थंड. दोन खेपांच्या मध्ये बर्फाचा थर धरणारच. उत्तरेकडील थंड प्रदेशांत छिद्रावर झाकण ठेवून भुसभुशीत हिम लोटतात. हिमात कोंडलेली हवा ऊब धरते. गोठणे मंदावते, थांबत नाही. पुढच्या खेपेस बर्फ फोडावाच लागतो.

ॲटकिन्सनला माशांमधील परजीवींचा अभ्यास करायचा होता. पुढे, स्कॉट परतला नाही तेव्हा, १९१२च्या हिवाळ्यात तळाची धुरा त्याच्यावर आली. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी स्कॉटचा तंबू सापडला, त्या शोधपथकाचा नायकही तोच होता.

माझ्या टिपणवहीत तंबूची तारीख होती, पिंजऱ्याची नव्हती. काल तीही लिहिली, तंबूच्या आधी.