गणित घेणं जरुरी आहे काय?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने साहित्याच्या वाचकांपुढे गणिताविषयी बोलावे, हा आगंतुकपणाच. पण प्रश्न शेवटी भाषेचा आहे, म्हणून हे धाडस.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बी.एस्सी.ला पूर्वी तीन विषयांचे गट असत. भौतिक आणि रसायन घेणाऱ्याच्या पदरात गणित बहुधा आपसूक पडे. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत मेजर-मायनरची रचना आली आणि निवड विद्यार्थ्याच्या हाती गेली. घाटंजीकडून एसटीने येणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, फिजिक्ससोबत गणित घेणं जरुरी आहे काय?" दुसऱ्या विषयात गुण सहज मिळतात, शिवाय दुपारची गाडी सापडते, हा तिचा हिशेब. तो चुकीचा म्हणण्याचा अधिकार मला नाही. संध्याकाळच्या गाडीने मला घाटंजीला जायचे नसते.

तरी उत्तर 'होय' असेच द्यावे लागले. मे महिन्यात आमच्याकडे वरची माती पाय भाजते. हातभर खणले, तर दिवस आणि रात्र यांतला फरक जवळजवळ जाणवत नाही. शेतकऱ्याच्या मुलीला हे ठाऊक असते. फूरियेने १८२२ च्या ग्रंथात मांडलेले उष्णतेचे समीकरण सोडवले, की त्याचे कारण कळते, आणि वर आणखी एक गोष्ट कळते: उन्हाळा-हिवाळ्याची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा सुमारे १९ पट खोल पोचते, कारण ३६५ चे वर्गमूळ तेवढेच आहे. ही १९ पट कोणत्याही वर्णनातून हाती लागत नाही.

पण 'गणित घे' एवढे सांगून भागत नाही. कोणते? कलन आणि सदिश आधी, कारण भौतिकाचे पुस्तक पहिल्याच वर्षी ते गृहीत धरते. मग डिफरन्शियल इक्वेशन. अंकशास्त्र देखणे आहे, पण भौतिकाच्या विद्यार्थ्याने ते सोडले तरी चालेल (गणिताचे सहकारी रागावतील). रेषीय बीजगणित मात्र सोडू नये. १९२५ च्या उन्हाळ्यात हायझेनबर्गला असा गुणाकार सापडला, ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलते. तो स्वतःच गोंधळला. माक्स बोर्नने ओळखले की हे मॅट्रिक्स आहेत. ब्रेस्लाउला विद्यार्थी असताना तो ते शिकला होता. भौतिकशास्त्रज्ञांना तेव्हा तो विषय निरुपयोगी वाटत असे. आमच्याकडे आजही तो बहुधा उशिराच येतो, क्वांटमचा धडा होऊन गेल्यावर. ओवी कानावर पडण्याआधी छंदांची नावे पाठ करावीत, तसा हा प्रकार.

रसायनाच्या मुलांची स्थिती अधिक बिकट. ऑर्बिटलच्या आकृत्या ते सुबक काढतात. पी ऑर्बिटल डंबेलसारखे का, असे विचारले, की "पुस्तकात तसेच आहे" हे उत्तर येते. त्या आकृत्या श्रोडिंगरच्या १९२६ मधील समीकरणाच्या उकली आहेत. निदान डिफरन्शियल इक्वेशन आणि संभाव्यता तरी घ्या, असे मी त्यांना सांगतो. बहुतेक जण घेत नाहीत. दरवर्षी दोघे-तिघे घेतात, आणि वर्गात डंबेलविषयी प्रश्न तेच विचारतात.