पाच सीटची गाडी, तीन माणसांचं घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं, म्हणजे मी, बेगम आणि धाकटी लेक, चार रात्री एका सेकंडहँड ईको व्हॅनमध्ये झोपलो. गल्लीत अजून त्याची चर्चा आहे. नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एका बुजुर्गांनी विचारलंच, "सर, घर लहान पडायला लागलं काय?" मी हसून टाळलं. त्यांना द्यायचं उत्तर थोडं लांबलचक होतं. ते आज इथे लिहितो.

सुरुवात गाडीपासून नाही, एका लॉजच्या काउंटरपासून झाली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका पर्यटनाच्या गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. फोनवर मी अस्खलित मराठीत बोललो होतो. बोलणारच. वीस वर्षं उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवतोय, बीएडला माझी पहिली पद्धत मराठी होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "या सर, दोन खोल्या शिल्लक आहेत, कुठलीही घ्या." तासाभराने आम्ही पोहोचलो. बेगमच्या डोक्यावर स्कार्फ होता. त्याने माझं आधार कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि रजिस्टर मिटलं. "सॉरी, आत्ताच फुल झालं."

मी वाद घातला नाही. कार्ड खिशात ठेवलं, बॅग उचलली. वर्गात वाद-विवाद स्पर्धेची तयारी करून घेणारा मी, तिथे माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. चौदा वर्षांची लेक शेजारी उभी होती. तिनेही काही विचारलं नाही. त्या रात्री दोनशे किलोमीटर गाडी हाणत आम्ही घरी परतलो. लेक मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग करत होती, हे मला आरशात दिसत होतं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही कुठे राहायला म्हणून गेलोच नाही. नातेवाइकांकडे जायचो, लग्नाला जायचो. बाकी सुट्टी घरी. "खर्च फार होतो," असं मी सांगायचो. ते खोटं होतं.

मग लेकीच्या डोक्यात सर्फिंग शिरलं. आम्ही खाडीकाठची माणसं, पोहणं तिला पाचव्या वर्षापासून येतं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हा तिने ते टीव्हीवर पाहिलं होतं. पुढे तिने वाचलं की मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला गेली, तिथे सर्फिंग शिकली आणि उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावात क्लबच काढून बसली. भारतातली पहिली बाई सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला मुल्की आहे. अमेरिकेतून आलेल्या जॅक हेबनर या कृष्णभक्ताने तिथे देशातला पहिला सर्फ क्लब सुरू केला. लोक त्याला 'सर्फिंग स्वामी' म्हणत. "अब्बा, दहावी झाली की मला मुल्कीला न्या," तिने सांगून टाकलं.

बेगमचा पहिला प्रश्न कपड्यांचा होता. तो लेकीने आधीच सोडवून ठेवला होता. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईने 2004 मध्ये बुर्किनी तयार केली, ती याच कारणासाठी. शिवाय सर्फर लोक उन्हापासून आणि बोर्डाच्या घासण्यापासून अंग वाचवायला स्वतःहून पूर्ण बाह्यांचे लायक्राचे कपडे घालतात. "म्हणजे अम्मी, तिथे सगळेच झाकलेले असतात," लेक म्हणाली. बेगम हसली आणि राजी झाली.

माझा प्रश्न वेगळा होता, तो मी बोललो नाही. राहायचं कुठे? पुन्हा काउंटर, पुन्हा कार्ड. तेव्हा मोबाइलवर कुठेतरी पाहिलेली फोक्सवॅगनची व्हॅन आठवली. जर्मनीत वेस्टफालिया कंपनी 1951 पासून त्या गाड्यांमध्ये पलंग आणि कपाटं बसवून देत होती. तेच लोक समुद्राकाठी गाडी लावतात, रात्री तिथेच झोपतात, सकाळी लाटांवर जातात. म्हटलं, आपलं घर आपल्याबरोबर न्यायचं. कुणाला नाव सांगायची गरजच नको.

आमची जुनी गाडी विकून एका बेकरीवाल्याकडून पाच सीटची ईको घेतली. आत पावाचा वास होता, तो अजून पुरता गेलेला नाही. माझा बेत होता मागची सीट कायमची काढून पलंग ठोकायचा. पण आरटीओच्या कामात मुरलेल्या एका मित्राने थांबवलं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसी बुकात जी गाडी लिहिली आहे तिच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. शिवाय सीट काढली तर लेक बसणार कुठे? फळीवर, बेल्टशिवाय? अपघात झाला तर विमावाला आधी तेच विचारेल.

मग आमच्या शेजारच्या सुतारकाकांनी डोकं लावलं. धावताना गाडी पाच सीटचीच राहील. रात्री थांबलो की पान्याने बोल्ट सोडवायचे आणि मागची सीट उचलून बाहेर ठेवायची. तिच्या जागी, डिकीत घडी करून ठेवलेल्या दोन फळ्या आडव्या टाकायच्या. फळ्या बारा मिलीमीटर मरीन प्लायच्या, कारण खाऱ्या हवेत साधं प्लाय फुगतं. खाली लोखंडी घडीचे पाय, पायांना रबराच्या टोप्या. फळ्यांच्या खाली सामानाला जागा. वर दोन इंचाचा फोम आणि त्यावर माझ्या वालिदांच्या जुन्या लुंग्यांची, अम्मीने शिवलेली गोधडी. गाडीला एकही भोक पाडलं नाही, एकही वेल्डिंग नाही. सगळा खर्च साडेअकरा हजार. सुतारकाकांनी मजुरी घ्यायला नकार दिला तेव्हा बेगमने त्यांच्याकडे बिर्याणीचं पातेलं पाठवलं.

खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी चुंबकाने चिकटते. पडदे जुन्या सुती साड्यांचे. नळ लावलेला वीस लिटरचा कॅन मागे ठेवला, वुजूला आणि पाय धुवायला. दोन नियम मी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले. एक, आत गॅस पेटवायचा नाही. दोन, इंजिन आणि एसी चालू ठेवून कधीच झोपायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही. कुणी असा बेत करत असाल तर फळ्या बसवायच्या आधी हे दोन नियम बसवा.

मापात एक चूक झाली. फळ्यांवर दोघीच मावत होत्या. मी पुढची सीट पाडून झोपायचं ठरलं. ईकोचं इंजिन नेमकं पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे दिवसभर गाडी चालवली की रात्री उशिरापर्यंत खालून शेक मिळतो. कंबर दुखत असेल तर उत्तम.

फजर पढून निघालो. सावंतवाडी, गोवा, कारवार, अंकोला करत संध्याकाळी होन्नावरला पोहोचलो. एका पेट्रोल पंपावर परवानगी मागितली. मालकाने कोपऱ्यातली जागा दाखवली आणि संडास-बाथरूमची किल्ली दिली. नाव विचारलं नाही. सीट बाहेर काढून झाडाला साखळीने बांधली आणि तिच्यावर बसून आम्ही डब्यातली भाकरी खाल्ली.

होन्नावर म्हणजे इब्न बतूताचं हिनौर. चौदाव्या शतकात तो इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की या गावात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, आणि असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मी हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "सातशे वर्षांपूर्वी तेरा?" मग थोडं थांबून, "तो कुठे झोपला असेल अब्बा?" मी म्हटलं, लोकांच्या घरी. मुसाफिर आला की कुणीतरी दार उघडायचं. ती गप्प झाली. मीही.

दुसऱ्या दिवशी भटकळला नाश्ता. तिथले नवायत लोक आपसात नवायती बोलतात. आमच्या घरच्या कोकणीची ती चुलत बहीण. हॉटेलवाल्या चाचांचं अर्धं बोलणं आम्हाला कळलं, आमचं अर्धं त्यांना. उरलेलं चहाने भरून काढलं. पुढे मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. बेगमने तिथे गाडी थांबवायला लावली आणि पंधरा मिनिटं कुणाशीच बोलली नाही. दोन वर्षं घरात कोंडलेली फक्त लेक नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

मुल्कीत शांभवी नदी समुद्राला मिळते. नदीने आणलेल्या वाळूचा बांध पाण्याखाली तयार होतो. खोल पाण्यातून आलेली लाट त्या उथळावर अडखळते आणि तिचा माथा पुढे कोसळतो. पावसाळ्यात इथलं पाणी नवख्यांचं नसतं, पण नोव्हेंबरात लाटा लहान आणि शहाण्या असतात. शिकवणारा पोरगा मच्छीमाराच्या घरातला, बोलायला तुळू, शिकवायला हिंदी-इंग्रजीची खिचडी. बोर्ड तिथेच भाड्याने मिळतो, नवख्यांना लांब आणि मऊ फोमचा. पट्टा घोट्याला बांधतात, म्हणजे पडलं तरी बोर्ड वाहून जात नाही. आधी अर्धा तास वाळूवरच पालथं पडून सराव: तळवे छातीखाली, एका झटक्यात उभं राहायचं, गुडघे वाकलेले. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडायचं, हेही त्याने आधीच घोकून घेतलं. मास्तर म्हणून मला ती शिकवण्याची पद्धत आवडली.

पहिल्या दिवशी ती सतरा वेळा पडली. मी मोजत होतो. दुसऱ्या दिवशीही पडलीच. पोरगा ओरडत होता, "नीचे मत देखो, सामने देखो!" तिसऱ्या दिवशी सकाळी ती उभी राहिली. पाच सेकंद असेल, सहा असेल. बेगम किनाऱ्यावर "माशाअल्लाह" म्हणत रडत होती. शेजारच्या कोळणी तिच्याकडे बघून हसत होत्या.

त्या रात्री नारळीच्या वाडीत, ज्याच्याकडे गाडी लावायचे पैसे दिले होते त्याच्या अंगणात, आम्ही सीटवर बसलो होतो. लेक केसांतली वाळू झटकत म्हणाली, "अब्बा, एक विचारू? ही गाडी आपण फिरायला घेतली की लपायला?"

मी इशाच्या नमाजला उठतोय असं दाखवलं. मुसाफिराची नमाज कस्र असते, चारच्या दोन रकात. त्या दिवशी मला त्या दोनही लांब वाटल्या. सलाम फेरून बसलो आणि तिला म्हटलं, "लपायला." तीन वर्षांनी एक खरं वाक्य तोंडातून निघालं.

परतीच्या वाटेवर अंगाला मीठ चिकटलं होतं. तिला अंघोळ हवी होती, गरम पाण्याची. "आज लॉज घेऊया," ती म्हणाली, "पण काउंटरवर मी बोलणार." मी नको म्हणणार होतो, बेगमने हात दाबला. लेक आत गेली. आम्ही मागे उभे. तिने आपलं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट मोठ्याने सांगितलं आणि खोली मागितली. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली, "फुल आहे."

ती बाहेर आली. मला वाटलं, आता तिचा चेहरा पडेल. ती पार्किंगकडे पाहत होती. तिथे खरोखरच गाड्यांना जागा नव्हती, दिवाळीची गर्दी होती. "खरंच फुल असेल, नाही का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "असेल." आणि मला कळलं की त्या जुन्या काउंटरवरच्या माणसाने माझं सगळ्यात जास्त काय नेलं. एक रात्र नाही. साध्या 'नाही'वर सरळ विश्वास ठेवायची सवय नेली. प्रत्येक नकारानंतर आता मला हिशेब मांडावा लागतो, आणि तो कधी जुळत नाही.

लेकीने हिशेब मांडला नाही. ती रस्ता ओलांडून समोरच्या लॉजमध्ये गेली आणि पुन्हा तेच पूर्ण नाव सांगितलं. तिथल्या बाईने रजिस्टर पुढे सरकवलं आणि एवढंच विचारलं, "गरम पाणी सकाळी हवं की आत्ता?"

"आत्ता," ती म्हणाली.

गाडी अजून दारात उभी आहे. फळ्या सुतारकाकांनी पुन्हा तासून दिल्यात, या वेळी तिसऱ्या माणसाची सोय होईल म्हणतात. मे महिन्यात आम्ही पुन्हा जाऊ, इन्शाअल्लाह. काही रात्री गाडीत झोपू, कारण पहाटे समुद्राचा आवाज ऐकत उठायला आम्हाला आवडतं. काही रात्री लॉजमध्ये. काउंटरवर या खेपेला मी बोलणार आहे. लेकीने मला सराव करायला सांगितलाय.