टापा आणि थापा

मराठेशाही बुडाल्यावर घोड्याला सगळ्यात जास्त कुणी राबवलं असेल, तर मराठी भाषेने. काम अडलं की आपण घोडं कुठं पेंड खातंय ते बघतो, उशीर झाला की वरातीमागून घोडं नेतो आणि एकदाचं काम उरकलं की गंगेत घोडं न्हालं म्हणून हात झटकतो. खुद्द घोड्याशी आपला संबंध म्हणाल, तर लग्नाच्या वरातीपुरता आणि माथेरानपुरता. माथेरानला मीही एकदा घोड्यावर बसलो होतो. पाऊण तासात त्या सज्जन प्राण्याने वाटेतली एकूण एक चहाची टपरी मला दाखवली. एवढ्या अनुभवाच्या बळावर मी 'हिडाल्गो' हा सिनेमा पाहायला बसलो.

हा २००४ सालचा इंग्रजी सिनेमा, दिग्दर्शक जो जॉन्स्टन. गोष्ट १८९०च्या सुमाराची. फ्रँक हॉपकिन्स नावाचा अमेरिकन घोडेस्वार (हे काम व्हिगो मॉर्टेन्सनचं) आपला अबलख घोडा घेऊन थेट अरबस्तानात जातो. तिथे वाळवंटातून ३००० मैलांची शर्यत असते. समोर शुद्ध रक्ताचे अरबी घोडे, आणि त्यांचं खानदान असं की मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनीही इतक्या पिढ्या विचारू नयेत! आपला हिडाल्गो मात्र मस्टँग. म्हणजे स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेलेले घोडे रानात मोकाट सुटले, त्यांच्या वंशातला. गंमत अशी, की 'हिडाल्गो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कुलीन माणूस. पण फोड करायला गेलं तर 'कशाचा तरी मुलगा' एवढाच. इतकी मोघम वंशावळ सांगून कुणी मुलगी दिली नसती, पण शर्यतीत घेतलं.

शर्यतीच्या यजमान शेखाच्या कामात ओमर शरीफ आहे. १९६२च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त तो मृगजळातून उंटावर बसून आला होता. बेचाळीस वर्षांनी इथे तो तंबूत बसून दुसऱ्यांना वाळवंटात पाठवतो. वयाचा मान म्हणतात तो हाच. पुढे वाळूचं वादळ येतं, टोळधाड येते, बिबटे येतात. एकटा इन्कम टॅक्सवाला तेवढा यायचा राहिला आहे. घोड्याची तहान बघून आमची ही दोनदा उठून पाणी पिऊन आली.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पण हा सिनेमा सत्यकथा म्हणून पुढे आणलेला आहे, आणि तिथेच घोडं अडलं.

जरा हिशेब करा. ३००० मैल म्हणजे जवळजवळ ४८०० किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला जायचं, परत यायचं, आणि विसरलेली छत्री आणायला पुन्हा दिल्ली गाठायची, तरी थोडे किलोमीटर शिल्लक राहतात. आणि हे एकाच घोड्यावर, वाळवंटातून! शिवाय, अशी शर्यत झाल्याचा पुरावा हॉपकिन्सच्या स्वतःच्या सांगण्याखेरीज कुठेही नाही. संशोधकांनी शोधलं, अरब अभ्यासकांनी अशी शर्यत नव्हतीच म्हणून सांगितलं. ज्या बफेलो बिलच्या खेळात आपण होतो असं हॉपकिन्स सांगे, त्या खेळाच्या कागदपत्रांतही त्याचं नाव मिळालं नाही. आपण चारशेच्या वर शर्यती जिंकल्या, असंही तो सांगायचा. १९५१ साली तो वारला, म्हणून आकडा तिथे थांबला.

मला याचा राग आला नाही. प्रत्येक घराण्यात एक हॉपकिन्स असतोच. आमच्या एका काकांनी तरुणपणी सायकलवरून मोठा प्रवास केला होता. मी लहान असताना ते पुण्याहून साताऱ्यापर्यंत गेले होते. माझ्या मुंजीच्या सुमारास ते कोल्हापूरला पोचले आणि माझ्या लग्नापर्यंत बेळगाव ओलांडून गेले. सायकल मात्र तीच, आणि एकदाही पंक्चर नाही! आम्ही सगळे रंगून ऐकत असू. घरातल्या थापेने कुणाचं काय बिघडतं?

पण या सिनेमात एक जागा अशी आहे, की तिथे हसू मावळतं. शर्यतीच्या आधी वुंडेड नी इथला प्रसंग दाखवला आहे. तो थाप नव्हे. २९ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकन सैन्याने तिथे दीडशेहून अधिक लकोटा माणसं मारली. त्यांत बायका होत्या, पोरं होती. आता कुणी झालेली कत्तल आणि न झालेली शर्यत एकाच खोगिरावर बसवून वर 'सत्यकथा' अशी पाटी लावली, तर प्रेक्षकाने काय समजायचं? उद्या शर्यत खोटी निघाली की तो म्हणणार, जाऊ द्या हो, ते दुसरंही तसलंच असेल. काकांची सायकल खुशाल कन्याकुमारीला जावो. वाटेत तिने खऱ्या माणसांच्या चितेवरून जाऊ नये.

आणि खऱ्या शर्यती काही कमी चित्तथरारक नसतात. मंगोलियात २००९पासून हजार किलोमीटरची घोडदौड होते. तिथे दर पस्तीस-चाळीस किलोमीटरला घोडा बदलतात. स्वार बदलत नाहीत. त्यांची कुणाला एवढी काळजी नसावी. कॅलिफोर्नियात १९५५पासून 'टेव्हिस कप' चालतो. शंभर मैल डोंगरवाट, एकच घोडा आणि चोवीस तास. वाटेत ठिकठिकाणी जनावरांचे डॉक्टर उभे असतात. ते घोड्याच्या छातीला नळी लावून ठोके मोजतात आणि त्याला दुडक्या चालीने पळवून बघतात. ठोके ठरल्या वेळात उतरले नाहीत, किंवा पाय लंगडला, की शर्यत तिथेच संपली. स्वाराने कितीही थापा मारल्या तरी उपयोग नाही, कारण डॉक्टर त्याला विचारतच नाहीत. शेवटच्या ओळीवर पोचल्यावरसुद्धा घोडा अजून पुढे चालण्याजोगा असावा लागतो. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सगळ्यात ठणठणीत घोड्याला वेगळा चषक असतो. हे वाचून मला त्या शर्यतवाल्यांविषयी फार आदर वाटला. आपल्याकडे पहिला कोण आला ते विचारतात. धाप किती लागली, ते कोण विचारतो?

तर सिनेमा जरूर बघा. फक्त ती 'सत्यकथे'ची खोगीरभरती काढून ठेवा. घोड्याला हलकं वाटेल, आणि गोष्टही जास्त जोरात धावेल. बक्षिसाच्या पैशातून हॉपकिन्स कत्तलीला निघालेले मस्टँग सोडवतो आणि हिडाल्गोलाही त्यांच्यात मोकळा सोडतो, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी खरं असतं. हिडाल्गोचं काम ज्या घोड्यांनी केलं, त्यांतला टीजे नावाचा एक घोडा मॉर्टेन्सनने चित्रीकरण संपल्यावर स्वतःच विकत घेऊन टाकला. बरोबरच केलं. वाळवंटात ऐकू आल्या त्या टापा सगळ्या त्या घोड्यांच्या होत्या, आणि आपण तीन हजार मैल धावलो, असं त्यांतला एकही कधी म्हणाला नव्हता.