खेपेला निघालेली गाडी

खराडीतल्या काचेच्या इमारतींकडे बघताना मला त्यांच्यामागे हौदे दिसतात. कडांना लोखंडी पट्ट्या मारलेले, आतून खरवडलेले, फाळक्याच्या फटीतून रस्ताभर वाळू गाळत जाणारे ट्रकचे हौदे. ईऑनचे मनोरे असोत की झेन्सारचं आवार, इथं जे काही उभं आहे ते आधी कुणीतरी हौद्यात भरलं, नगर रस्त्यानं आणलं आणि इथं ओतलं. वाघोलीच्या खाणींतून खडी आली, नदीकाठच्या भट्ट्यांवरून वीट आली, मुरूम आला, सिमेंटची पोती आली. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत गेली आणि ज्वारीच्या रानांवर सळया उगवू लागल्या. गावाचं शहर झाल्याचं श्रेय आराखडे काढणाऱ्यांना मिळालं, पैसा लावणाऱ्यांनाही मिळालं. ज्या गाड्यांनी हे शहर ब्रासाब्रासानं वाहून आणलं, त्यांतल्या बहुतेक गॅसकटरखाली गेल्या. एक आमच्या अंगणात राहिली.

टाटा १२१०, अर्ध्या नाकाची. इंजिन थोडं पुढं, थोडं केबिनमध्ये घुसलेलं, म्हणून चालकाच्या डाव्या मांडीला कायम धग. माझे वडील, अण्णा, उन्हाळ्यात ओला टॉवेल मांडीवर टाकून बसायचे. १२१० या आकड्याचा अर्थ त्यांनीच मला लहानपणी सांगितला होता. बारा म्हणजे मालासकट गाडीचं वजन टनांत, आणि दहा म्हणजे ताकद, दहाच्या पटीतले हॉर्सपॉवर. इंजिनाचं नाव ६९२. सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे नावातच माप. ही सरळ भाषा मला फार आवडते. गाडी काय आहे ते गाडीवरच लिहिलेलं.

अण्णांचे गुडघे गेले तेव्हा गाडी कडुलिंबाखाली लागली ती लागलीच. तिच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर पाला आला, पुढच्या चाकाशी मांजर व्यायला लागली. भंगारवाले दर पावसाळ्याआधी येऊन किलोचा भाव सांगायचे. अण्णा गेल्यावर तो भाव ऐकणं मला अवघड झालं. चुलतभावाशी बोललो आणि आम्ही ठरवलं, की गाडी घरीच, अंगणातच उभी करायची, आणि पुन्हा चालती करायची.

अशा कामाला पैशाआधी माणूस लागतो. चंदननगरच्या एका गल्लीत आम्हाला तो मिळाला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. पोरवयात पाना हातात घेतला तो अजून सुटलेला नाही. या पिढीचे मिस्त्री कुठून आले याचा विचार करताना मला टाटांच्या टेल्कोचा पिंपरीचा कारखाना आठवतो. टेल्को १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिनं करायला. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार होऊन जमशेदपुरात ट्रक सुरू झाले. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, करार संपला, गाडीच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा उतरला आणि टाटांचा ‘टी’ आला. पुण्याचा कारखाना सुमंत मूळगावकरांनी उभा केला. १९६६ पासून तिथं आधी यंत्रं करणारी यंत्रं आणि साचे तयार झाले, आणि शिकाऊ पोरांचे हात तयार झाले. पुण्यातून पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. दहा-अकरा वर्षं पायाभरणीत घालवायला धीर लागतो. त्या धीराचा मला मनापासून आदर आहे, कारण त्या कारखान्याच्या आसपास, भिंतीच्या आत आणि बाहेरही, लोखंड समजणाऱ्या माणसांचं एक गणगोत तयार झालं. चाचा त्या भिंतीबाहेरचे. शाळेचा दाखला नाही, पण टॅपेटचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगतात.

चाचांनी पहिल्याच दिवशी अट घातली. “इंजिनला हात नंतर. आधी ब्रेक. चालू झालेली गाडी थांबली नाही तर भिंत जाईल, माणूस जाईल.” म्हणून पहिले कित्येक दिवस इंजिनाचं नावही नाही. जॅक लावून चाकं उतरवली, ड्रम काढले. ब्रेकच्या नळ्या आतून गंजल्या होत्या, रबरी वायसर हातात आल्यावर भुगा झाले. किंगपिन पार खाल्लेले. सुट्या भागांसाठी आम्ही नाना पेठ पालथी घातली. तिथं अजून असे दुकानदार आहेत की जुना नट हातात दिला तर नजरेनं माप सांगतात आणि मागच्या माळ्यावरून तेलकट कागदात गुंडाळलेला नवा काढून देतात. जे तिथं मिळालं नाही ते बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधलं. पाट्यांचा जुडगा लोहाराकडे नेला. त्यानं प्रत्येक पाटा वेगळा केला, मोडलेला बदलला, बाकीच्यांना भट्टीत घालून पुन्हा बाक दिला. ओझं पेलायचं तर पाट्याला बाक हवाच. सरळ झालेला पाटा म्हणजे थकलेला पाटा, असं तो म्हणाला.

इंजिन जाम होतं. सिलिंडरमध्ये ओल उतरली होती आणि पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटल्या होत्या. अशा वेळी जोर लावला तर रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचण्यासारखं इंजिन भंगारात जातं. चाचांनी सहाही नोझल काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, वर चिंध्यांचे बोळे लावले. “पिऊ दे तिला,” एवढंच म्हणाले. मग रोज सकाळी यायचे, फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी घालून हलक्या हातानं रेटून बघायचे. हललं नाही की टॉमी ठेवायचे, चहा घ्यायचे, निघून जायचे. घाई करणारे आम्ही. भावानं एकदा लांब पाइप आणून टॉमीला जोडायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा चाचा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या हातात ताकद अजून आहे, पण ती कधी लावायची नाही हे कळायला अख्खं आयुष्य लागतं, हे मला त्या अंगणात दिसलं. एका सकाळी फ्लायव्हील दोन बोटं सरकलं. आवाज काही झाला नाही. चाचांनी हात कपाळाला लावला आणि पुन्हा ऑइल ओतलं.

त्यानंतर हेड उघडलं, रिंगा बदलल्या, बेअरिंग पाहिली, पंप-नोझल दुकानात नेऊन यंत्रावर लावून आणले. टाकी उतरवून आतला चिखल काढला. डिझेलच्या वाटेत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी इंजिन धरत नाही, म्हणून शेवटचं काम हवा काढण्याचं. फीड पंपाचा खटका अंगठ्यानं दाबत राहायचं, फिल्टरवरचा नट सैल करायचा. आधी नुसता फेस येतो, मग थुंकत थुंकत डिझेल येतं, मग सलग धार लागली की नट आवळायचा. तीच गोष्ट पंपाशी, तीच सहा नोझलांशी. सेल्फ मारला तेव्हा आधी पांढरा धूर आला, एक-दोन सिलिंडर ठोकायला लागले, मग बाकीचे एकेक करून जागे झाले. पहिला, पाचवा, तिसरा, सहावा, दुसरा, चौथा. या क्रमानं ती सहा घरं पेटतात, आणि तो क्रम जुळला की खालची जमीनसुद्धा थरथरते. घरातून आई बाहेर आली. तिला पायऱ्यांवरूनच आवाज कळला. “त्यांचीच आहे,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून आत चहा टाकायला गेली.

खरा वाद झाला तो अंगावरच्या कामाचा. ओळखीतल्यांचं म्हणणं होतं की एवढं केलंच आहे तर लांबी भरून, घासून, आरशासारखा रंग मारा, रिम चकाकवा, लोक फोटो काढतील. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. शौकाची मोटार नवी दिसावी म्हणून जपतात, ते ठीक आहे. कामाच्या गाडीच्या अंगावर तिचं काम लिहिलेलं असतं. हौद्याच्या आतल्या पत्र्यावर खडीच्या माऱ्यानं पडलेले हजारो पोचे आहेत. डाव्या फळीला एक बाक आहे, भट्टीवर विटा भरताना दुसऱ्या गाडीनं दिलेला. क्लचच्या पेडलवरचा लोखंडी पत्रा एका बाजूनं झिजून चमकतो, कारण अण्णांचा पाय थोडा तिरका पडायचा. हे भरून काढायचं म्हणजे अण्णांची वर्षं पुसायची. आम्ही गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, रेड ऑक्साइडचा हात दिला, हौद्याचा तळ नव्या जाड फळ्यांनी केला, कारण कुजक्या फळीवर ओझं टाकता येत नाही. ज्यानं गाडी कमजोर होते ते सगळं बदललं. पोचे, बाक आणि पेडल तसेच ठेवले.

रंग मात्र पेंटरकडून हातानंच काढून घेतला. पेंटर म्हातारे आहेत, हल्ली त्यांच्याकडे येणारं काम बहुतेक चिकटपट्ट्या छापणाऱ्यांकडे गेलं. कपाळावर ‘जय मल्हार’, फाळक्यावर दोन कमळं. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं नाही, २०१५ साली राज्य सरकारनं ते बंद केलं, आणि हॉर्न वाजवायला सांगणारी पाटी गेली हे बरंच झालं. खंडेनवमीला पान्यांची आणि जॅकची पूजा केली, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली.

पहाटे पहिल्यांदा गाडी नगर रस्त्यावर काढली ती चाचांना शेजारी बसवून. हा रस्ता काही साधा नाही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला आली ती याच रस्त्यानं, लाकडी बांध्याची, किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. महाराष्ट्राच्या लाल गाडीचं सगळं पुढचं पुराण इथून सुरू झालं. याच रस्त्यानं शंभरेक किलोमीटर पुढं गेलात तर अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ सालापासूनचं. लढाया लढलेली यंत्रं तिथं निगुतीनं जपली आहेत आणि जपायलाच हवीत. घरं, धरणं, साखर कारखाने बांधणाऱ्या यंत्रांसाठीही अशी जागा असायला हवी, असं मला तीव्रतेनं वाटतं. ज्या रस्त्यावर रांजणगाव-सणसवाडीचे कारखाने उभे राहिले, तिथं ती शोभेल.

कायद्यानं जुन्या वाहनांचा मान राखायला सुरुवात केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण अशा वाहनाला रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर येता येत नाही. म्हणजे हौद्यात माल घेऊन जाणं हाच ज्या गाडीचा स्वभाव, तिला त्या मानात जागा नाही. त्याच वर्षी वाहनं मोडीत काढण्याचं धोरणही आलं. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रोज शहरातून फिरू नयेत हे मला पूर्ण मान्य आहे, ईऑनच्या चौकात संध्याकाळी उभं राहणाऱ्या कुणालाही ते मान्य होईल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, याचाही मला आनंद आहे. अण्णांच्या मांडीवरचा ओला टॉवेल पुढच्या चालकांना लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की वर्षातून मोजक्या खेपा करणारी, फिटनेस पास झालेली, नीट राखलेली एखादी गाडी आणि रोज ओव्हरलोड पळवलेली मोडकी गाडी यांना एकाच तराजूत तोलू नये.

आमच्या गाडीला काम मिळालं आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, आणि प्रत्येक दिंडीमागे सामानाचा ट्रक लागतोच. राहुट्या, पातेली, तांदळाची पोती, म्हाताऱ्यांच्या वळकट्या. यंदा खराडीच्या शेजारच्या दिंडीचं सामान आमच्या हौद्यात होतं, पंढरपूरपर्यंत. दिवेघाटाच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढली, पाणी तापलं नाही. उरलेल्या वर्षात ती शेणखत आणि कांद्याची रोपं वाहते.

चाचांनी जे केलं ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. कुठला नट आधी सोडायचा, हवा कुठून काढायची, कुठं थांबायचं. पण चाचांनंतर ते करणारा हात अजून तयार नाही, गल्लीतली पोरं संगणक लावून दोष शोधायला शिकली आहेत आणि त्यांचंही बरोबरच आहे. म्हणून वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या परसात, मळ्यात, गावच्या शेडमागे असा एखादा ट्रक उभा असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी जवळच्या जुन्या मिस्त्रीला एकदा बोलवा. गाडी वाचेल की नाही ते तो बघूनच सांगेल. वाचणार असेल, तर त्याच्या हाताखाली घरातलं एक पोरगं उभं करा.