उतार

आई-आप्पा शनिवारी ऑस्टिनला येणार होते आणि बुधवारी रात्री अकरा वाजता मी मागच्या पॅटिओवर गुडघे टेकून काँक्रीट घासत होते. जेवणाच्या ताटाएवढा काळपट, तेलकट डाग होता. भांड्याचा साबण झाला, गरम पाणी झालं, खायचा सोडा झाला. वरचा चिकटपणा गेला, डाग तिथंच. काँक्रीट सच्छिद्र असतं. चरबी त्यात मुरते.

डागाची एवढी भीती का? कारण आप्पा माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, चिकन खायला लागले. आईला माहीत आहे. आप्पांना सांगायचं नऊ वर्षं राहून गेलं. शेवटी मी ग्रिलवर कव्हर टाकलं, डागावर मिरचीची कुंडी ठेवली आणि झोपले.

हा पेलेट ग्रिल माझ्या रूममेटनं सेकंडहँड आणलेला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यासारख्या गोळ्या हे त्याचं जळण. १९८०च्या दशकात ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी असा ग्रिल पहिल्यांदा बनवला. एका बाजूच्या पेटीतून फिरता स्क्रू गोळ्या पुढे ढकलतो, मधल्या छोट्या भांड्यात त्या जळतात, पंखा हवा देतो. कंट्रोलर तापमान बघून जळण कमी-जास्त करतो. रात्री १०७ अंश सेल्सिअस लावायचं, साडेतीन किलोचा पोर्क शोल्डर ठेवायचा आणि झोपायचं. दहा-बारा तासांनी मांस काट्यानं सुटतं. कोड लिहिणाऱ्या बाईला आवडावं असंच यंत्र.

पण एवढ्या वेळात त्या मांसातून वितळलेली चरबी सतत ठिबकत असते. तिच्यासाठी जाळीखाली एक तिरकं ताट असतं. ताटावरून ती उजवीकडच्या पन्हाळीत, तिथून नळीतून बाहेर टांगलेल्या बादलीत जाते. या वाटेवर ना पंप, ना सेन्सर. कंट्रोलरला आतलं तापमान कळतं, चरबी कुठं चाललीय ते कळत नाही. सगळा भरवसा उतारावर.

आमची बादली उजवीकडे होती आणि डाग डाव्या पायाखाली. खरं तर एवढ्यावरच मला कळायला हवं होतं. मी काय केलं? आधी खाली पुठ्ठा टाकला. मग टॉर्च घेऊन शोधलं, तर डावीकडच्या पत्र्याच्या सांध्यातून थेंब येताना दिसला. उष्णता सोसणारं सिलिकॉन आणून सांधा बुजवला. ताटाला फॉइलचे दोन थर जास्तीचे गुंडाळले. गळती बंद! मी खूश.

पुढच्या वीकेंडला रात्रभर पोर्क केलं आणि दुसऱ्या दिवशी, आतलं काहीच साफ न करता, चिकन विंग्ससाठी तापमान २३० केलं. थोड्या वेळानं आकडा २३० ओलांडून वर चढतच राहिला. झाकणाच्या कडेनं पिवळट, जाड धूर. मी झाकणाकडे हात नेला तशी रूममेट ओरडली, "उघडू नकोस!" तिनं बटण बंद करून प्लग ओढला. झाकण उघडलं असतं तर हवा मिळून जाळ तोंडावर आला असता. आणि पेटलेल्या चरबीवर पाणी टाकायचं नसतं, ती उडून आग पसरते. आम्ही अर्धा तास लांब उभ्या राहिलो. भाड्याच्या घराची लाकडी भिंत ग्रिलपासून चार हातांवर होती.

थंड झाल्यावर उघडलं. झाकणाचा रंग पोपडून निघाला होता. मी बुजवलेल्या सांध्यामागे, ग्रिलच्या पोटात, चरबी साठली होती. इतके दिवस ती निदान बाहेर तरी पडत होती. आता तीच पेटली होती. मी सिलिकॉन खरवडून काढलं. गळती परत सुरू झाली आणि डाग वाढला.

आई-आप्पा आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले तर आप्पांनी कुंडी उचलून उन्हात ठेवली होती. "सावलीत मिरची येती व्हय?" मग ते खाली बघत राहिले. मग कव्हरकडे.

"हे काय हाय?"

"चूल आहे. लाकडाच्या भुशावर चालते."

आप्पांचं अर्धं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं. चुलवाणात चिपाड किती सारायचं, रसाच्या पन्हाळीला उतार किती द्यायचा, हे ते नजरेनं सांगतात. त्यांनी कव्हर काढलं. "जळण सोताच सारती?" मी गोळ्या दाखवल्या. त्यांनी एक गोळी घेऊन ग्रिलच्या फळीवर आडवी ठेवली. ती गडगडत डावीकडे गेली. बादलीच्या उलट्या बाजूला.

"चढावर बसवलीस. रस उलटाच जानार."

पावसाचं पाणी घराकडे येऊ नये म्हणून पॅटिओला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. ताटाचा उतार मुळात बोटभर, तो त्यात जिरून गेला होता. वर माझ्या फॉइलच्या सुरकुत्यांत चरबीची तळी साचायची. ती डाव्या कडेवरून सांडून पत्र्याच्या पोटावरून ओघळत पायापाशी यायची. गळती सांध्याची नव्हतीच.

आप्पांनी डाव्या पायांखाली फळकूट सरकवायला लावलं. गोळी पुन्हा ठेवली. उजवीकडे गेली. मग हात न लावता, जरा मागं सरून म्हणाले, "चरबी हाय न्हवं ही?"

नऊ वर्षांत पाठ केलेली एकही थाप आठवली नाही. "हो," मी म्हटलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. चहा निवला. "खातीस तर खा," ते म्हणाले. "पर घराला आग लागंल असं काय दाबून ठेवू नगंस." आत जाऊन त्यांनी हात धुतले. त्या दुपारी आईनं नव्या पातेल्यात भात लावला. पुढचे दोन महिने ते दोघं त्याच भांड्यांत जेवले. मला वाईट वाटलं, आणि हलकंही.

आता प्रत्येक वेळी मी फोनमधल्या लेव्हल ॲपनं उतार तपासते, फॉइल एकच थर आणि ताणून लावते, पन्हाळ काठीनं खरवडते. पाऊस असेल तर बादली आत घेते. ती पाण्यानं भरली की चरबी वर तरंगून आधी सांडते. गोठलेली चरबी कचऱ्यात जाते, सिंकमध्ये कधीच नाही.

डाग फिकटला आहे, गेलेला नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पा ग्रिलचं नाव काढत नाहीत, मांसाचंही नाही. पाऊस, ऊस, आईचे गुडघे असं सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता विचारतात, "बादली रिकामी केलीस न्हवं?"