किती फेऱ्यांनी वाजते?

वसई

प्रिय भाचीस,


तुझं पत्र मिळालं. स्टेशनजवळचा पूल चढताना सायकल ‘कट्, कट्’ करते, सपाट रस्त्यावर आवाज बारीक होतो आणि पूल उतरताना थांबतो. दुकानात दाखवली तर चेन, फ्रीव्हील, बीबी एक्सल आणि पायडलची जोडी एवढं बदलायला सांगितलं. यातलं आधी काय घ्यावं, असं तू विचारतेस. माझं म्हणणं असं, की आज यातलं काहीही घेऊ नकोस. आधी आवाज मोज. तो केवढा आहे ते नव्हे, किती फेऱ्यांनी येतो ते. सायकलीचा बिघाड ऐकून ओळखता येतो, पण त्यात कानाइतकंच काम मोजणीचं असतं. मोजणीशिवाय घेतलेला भाग म्हणजे न तपासता घेतलेलं औषध. एवढी एकच गोष्ट मला तुला पटवून द्यायची आहे.

आवाज कुठून येतो हे विचारण्यात चूक नाही, पण त्याचं उत्तर बहुतेकदा फसवं मिळतं. सायकलीची चौकट म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पोकळ लोखंडी नळ्या. एका टोकाला झालेली ठकठक नळीतून दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथे घुमते. सीटच्या दांड्याची करकर पायाखालून आल्यासारखी वाटते ती यामुळेच. अनेक नळ्या बीबीपाशी, म्हणजे पायडलचा एक्सल जिथे फिरतो तिथे, येऊन मिळतात, म्हणून कुठलाही आवाज आला की आळ बीबीवर येतो. वेळ मात्र अशी फसवत नाही. सायकलीत चाक, पायडल आणि चेन अशा तीन गोष्टी तीन वेगळ्या गतींनी फिरतात. समज, चेनव्हीलला ४४ दात आहेत, फ्रीव्हीलला १८ आणि चेन ११२ जोडांची आहे. (तुझ्या सायकलीचे दात मोजून घे, आकडे थोडे वेगळे निघतील.) मग पायडलची एक फेरी होते तेव्हा मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरलेलं असतं, आणि चेनची एक पूर्ण फेरी व्हायला पायडलच्या अडीच फेऱ्या लागतात. २८ इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४५० वेळा फिरतं, पायडल १८५ वेळा आणि चेन फक्त ७२ वेळा. हे तीन आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की मोजणाऱ्याचा गोंधळ होणं अवघड.

आता याचा उपयोग बघ. पायडलच्या एका फेरीत दोन-तीनदा आवाज येतो आणि पाय थांबवला तरी येत राहतो, तर तो चाकाचा. रिम एका जागी ब्रेकच्या रबराला घासत असेल, म्हणजे चाकात आऊट असेल, नाहीतर टायरला फुगा आला असेल. दर अडीच फेऱ्यांनी एकदाच टक् होतं, तर चेनचा एखादा जोड गंजून ताठ झाला आहे. पायडल उलटं फिरवून चेन हळूहळू फ्रीव्हीलवरून जाऊ दे, तो जोड उडी मारताना दिसेल. तिथे थेंबभर तेल आणि हाताने आडवं वाकवणं एवढंच पुरतं, नवी चेन लागत नाही. दर फेरीला एकदा येतो तो पायडलचा, क्रँकचा (पायडलच्या दांड्याचा) किंवा त्याला एक्सलवर धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनेचा. आणि कशाच्याही तालात न बसता फक्त खड्ड्यात वाजतो तो मडगार्ड, कॅरिअर किंवा हँडलच्या वाट्यांचा. पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल पुढेमागे हलव, वाट्या सैल असतील तर हाताला धक्का कळतो.

तुझा आवाज चढावर वाढतो आणि पाय थांबवला की जातो, म्हणजे तो जोर पडल्यावरच येतो. तो दर फेरीला एकदा येतो की दोनदा, आणि एकदा येत असेल तर कोणता पाय खाली जाताना, हे तू लिहिलेलं नाहीस. खरा निकाल तिथेच लागतो. कॉटर पिनेच्या सायकलीत चेनव्हील उजव्या क्रँकलाच जडवलेलं असतं. त्यामुळे उजव्या पायाचा जोर सरळ चेनव्हीलवर जातो. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या पिनेतून एक्सलमध्ये आणि एक्सलमधून उजव्या पिनेत, असा वळसा घालून तिथे पोहोचतो. म्हणून डावा पाय दाबताना खट् होत असेल तर मला पहिला संशय दोन पिनांपैकी एकीचा येईल. डावं पायडल बदलून आवाज तसाच राहिला तर हा संशय बळावला असं समज. उजवा पाय दाबताना होत असेल तर आधी उजवं पायडल बघ, मग बीबीच्या वाट्या. सीटवरून उठून पायडल मारलं आणि आवाज गेला, तर तुझी सगळी यादी बाद, कारण दोष सीटच्या दांड्यात आहे. दुकानात सायकल स्टँडवर चढवून हाताने चाक फिरवतात. त्यात जोर नसतो, म्हणून हा आवाज तिथे उमटतच नाही आणि मिस्त्रीला अंदाज बांधावा लागतो. त्याच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण आवाज ऐकणारी तू आहेस, तेव्हा ‘करकर करते’ एवढंच सांगण्याऐवजी ‘दर फेरीला एकदा, डावा पाय खाली जाताना, बसून आणि उभं राहून सारखाच’ असं सांग. एवढं ऐकल्यावर त्याला चार भाग सुचवावे लागणार नाहीत.

यावर तू म्हणशील, भाग स्वस्त आहेत आणि वेळ महाग, तर सगळंच एकदम का बदलू नये? हा आक्षेप खोटा नाही. दिवसभर वालीव-सातिवलीच्या कारखान्यात राबून संध्याकाळी सायकलीवर घरी निघालेल्या माणसाला दात मोजायला सांगणं सोपं नाही. पण सगळं बदललं की दोन अडचणी होतात. पहिली अशी, की भाग उघडून, पुसून, ग्रीस लावून परत घट्ट बसवला की जुन्याचाही आवाज पुष्कळदा जातो. श्रेय मात्र नव्या भागाला मिळतं आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तोच भाग विकत घेतो. दुसरी अडचण अधिक वाईट. चांगल्या भागाच्या जागी बेताचा भाग आला तर नवाच आवाज सुरू होतो. याचा सगळ्यात साधा पुरावा चेन आणि फ्रीव्हीलचा. चेन ताणून लांब होत नाही, तिच्या पिना आणि पिनांची भोकं झिजतात आणि प्रत्येक जोडात किंचित मोकळीक येते. वाढलेल्या अंतरानुसार फ्रीव्हीलचे दातही आकड्यासारखे वाकडे झिजतात. अशा दातांवर नुसती नवी चेन घातली की ती जोर लागताच घसरते. म्हणजे पैसे देऊन आपण खटका घरी आणला. याचं मोजमाप पट्टीने होतं. दोन पिनांमध्ये अर्धा इंच असतो, म्हणजे २४ जोडांचे बरोबर १२ इंच भरायला हवेत. पिन खुणेच्या १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का, १/८ इंच असेल तर एक टक्का. बिनगिअरच्या जाड दातांच्या सायकलीला एक टक्क्यापर्यंत धीर धरता येतो. त्यापुढे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बरोबर बदल, एकटं काही नको.

दुसरा आक्षेप तेलाचा. तेल टाकलं की आवाज जातो, मग एवढा खटाटोप कशाला? जातो हे खरं, आणि तपासणीसाठी मीही तेल वापरायला सांगेन. संशयाच्या एकाच जागी एक थेंब टाकायचा आणि दोन दिवस ऐकायचं. पण उपाय म्हणून सगळीकडे तेल ओतणं आपल्या भागात तरी घातक आहे. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा या किनाऱ्याच्या रस्त्यांवर बारीक वाळू हवेबरोबर उडत असते. तेलकट चेनला ती चिकटली की घासपेपर तयार होतो आणि प्रत्येक फेरीत पिना घासल्या जातात. मिठाचं तर आणखी निराळं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते फारशा दमट नसलेल्या हवेतूनही पाणी ओढून घेतं. त्यामुळे ज्या धातूवर मिठाचा थर बसला तो पाऊस नसतानाही ओला राहतो. नायगाव-वसईच्या मिठागरांच्या बाजूने रोज जाणाऱ्या सायकलीची चेन मे महिन्यातही तांबूस दिसली तर नवल मानू नकोस. त्यातून पावसाळ्यात साचलेलं पाणी. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत रूळ आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या, तो प्रसंग मोठा होता, पण हब बुडेल एवढं पाणी अनेक गल्ल्यांत दरवर्षी साचतं. हबमध्ये आणि बीबीत शिरलेलं पाणी ग्रीस फेसाळून टाकतं. वरून सोडलेलं पातळ तेल उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं. म्हणून इथे पावसाळा संपला की ओव्हरहॉलिंग, म्हणजे भाग उघडून साफसफाई आणि नवं ग्रीस, करून घ्यावं. चेन कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक जोडावर एक थेंब टाकायचा आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढायचं.

हब आणि बीबी उघडल्यावर छर्रे आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग) पाहून काय बदलायचं ते ठरतं. कोनाच्या घासणाऱ्या कडेवर टाचणीचं टोक फिरव. ते अडकलं, म्हणजे तिथे खड्डे पडले आहेत आणि कोन गेला. टोक सरळ फिरलं तर कोन ठेव आणि नुसते छर्रे बदल. छर्रे मात्र सगळेच बदलायचे. जुन्या नऊंत दोन नवे मिसळले तर ते केसभर मोठे असतात, सगळा भार तेच उचलतात आणि वाटी खराब करतात. आपल्या बिनगिअरच्या काळ्या सायकलीत मागच्या हबला आणि बीबीला पाव इंची छर्रे लागतात, पुढच्या हबला ३/१६ इंची.

भाग निवडताना लोक कंपनीचं नाव विचारतात. मी आधी माप विचारीन. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा सायकलींचा कारखाना ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी रस्त्यावरच्या जुन्या अ‍ॅटलस पोरक्या झाल्या नाहीत, कारण या घडणीच्या सायकलींची मापं कंपन्यांनी फारशी वेगळी ठेवलीच नव्हती. एकीचा एक्सल दुसरीला बसतो. बीबीच्या आट्यांच्या मापाला आजही बीएसए म्हणतात. बर्मिंगहॅमच्या बंदुका करणाऱ्या कारखान्याचं ते नाव, कारखाना गेला आणि माप उरलं. उलट नजरेला सारखे दिसणारे भाग घात करतात. जुन्या मागच्या एक्सलची जाडी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, तर गिअरवाल्या सायकलीचा एक्सल १० मिलिमीटर. एकाचा कोन दुसऱ्यावर जोर करून चढवला तर आटे कापले जातात. टायरचं तर विचारू नकोस. २८ इंची काळ्या सायकलीच्या टायरच्या बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि हल्लीच्या २९ इंची टायरचा ६२२, म्हणजे या मापात २९ हा २८ पेक्षा लहान. २६ इंचांतही ५९० आणि ५५९ असे वेगवेगळे. टायरच्या कडेवर ‘४०-६३५’ असा आकडा छापलेला असतो, तोच दुकानात सांगायचा.

राहिला तुझ्या भावाचा प्रश्न, की त्याच्या गिअरच्या सायकलीला फेऱ्यांचं हे गणित लागू आहे का. आहे, आणि तिथे मोजणी आणखी सोपी होते. गिअर बदलला की चाकाचं आणि पायडलचं प्रमाण बदलतं. आवाज प्रत्येक गिअरमध्ये पायडलच्या तालावरच राहिला तर दोष पुढे आहे. एकाच गिअरमध्ये आला आणि बाकीच्यांत गेला तर त्या दातांत किंवा केबलच्या ताणात आहे. त्याला एक मात्र सांग. सगळेच आवाज तातडीचे नसतात आणि सगळे दोष आवाज करत नाहीत. मडगार्डची खडखड वर्षभर चालेल. पण तड गेलेला पुढचा चिमटा आधी न वाजता एकदम तुटू शकतो. चिमट्याचं वरचं टोक आणि क्रँकचा दांडा महिन्यातून एकदा पुसून डोळ्यांनी बघायचा, तिथे कानावर विसंबायचं नाही.

तेव्हा उद्या पूल चढताना मोज. डाव्या पायाला आवाज आला तर दोन कॉटर पिना घे. जुनी पिन बरोबर ने, कारण त्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने बसवायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येणार नाहीत. पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडाचा आधार द्यायला सांग, नाहीतर घाव बीबीच्या वाट्यांवर बसतात. पिन नटाने ओढून आत घ्यायची नसते, ती ठोकून बसवायची आणि नट फक्त धरून ठेवायला. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळ. आणि डावं पायडल काढायची वेळ आलीच, तर त्याचे आटे उलटे असतात, पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा हे विसरू नकोस. मग परत पूल चढ आणि मला लिही.

तुझा,
मामा